किंमत ठेवण्याआधी: शाब्दिक उदाहरणात मूल नेमकं कुठे अडतं

फोंड्याजवळच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सातवीत आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. बैजिक राशी (५क्ष + ८ सारखी अक्षरं आणि आकड्यांची मांडणी) देऊन ‘क्ष च्या जागी ४ ठेव’ म्हटलं की उत्तर बरोबर येतं. तीच राशी एखाद्या गोष्टीतून आली, म्हणजे शाब्दिक उदाहरण आलं, की वहीत लाल रेघा. त्यांनी वहीतली दोन उदाहरणं पाठवली आहेत.

पहिलं इंग्रजीतलं, त्याचा अर्थ असा: पेनाची किंमत वहीच्या किमतीच्या दुपटीपेक्षा ५ रुपयांनी कमी आहे, वही ३० रुपयांची असेल तर पेन कितीचं? मुलीने लिहिलंय ५ − २ × ३०, उत्तर −५५.

दुसरं शिक्षिकेने मुलांच्या घरातलंच घेतलंय: पदेर (गोव्यातला पाववाला) रोज ४ पाव आणि २ पोळ्या देतो, पाव ५ रुपयांना, पोळी ७ रुपयांना. ३० दिवसांच्या महिन्यात तो स दिवस आला नाही, तर महिन्याचं बिल किती? स = ३ ठेवा. मुलीने लिहिलंय ३४ × ३० − ३, उत्तर १०१७.

आई विचारतात, हिचं गणित कच्चं आहे की इंग्रजी? शिकवणी लावावी का?

ताई, शिकवणी इतक्यात लावू नका. मी तीस वर्षांहून जास्त काळ गोव्यातल्या हायस्कुलांत पाचवी ते दहावीला गणित शिकवलं आहे आणि अशा वह्या शेकड्यांनी तपासल्या आहेत. तुमच्या मुलीने लिहिलेल्या दोन्ही ओळींतली आकडेमोड अगदी बरोबर आहे. ५ मधून ६० गेले की −५५ उरतात, हे सातवीतल्या बऱ्याच मुलांना जमत नाही, तिला जमलंय. १०२० मधून ३ वजा करूनही तिने चूक केलेली नाही. किंमत ठेवणं तिला येतं. तिची गाडी त्याच्या आधीच्या स्टेशनावर अडली आहे: वाक्यातून राशी तयार होताना. शिकवणीत तिला आणखी पन्नास राशी देऊन किमती ठेवायला लावतील, म्हणजे जे येतं त्याचाच सराव होईल.

आधी भाषेचं बघू, कारण गोव्यात हे दुखणं जास्त आहे. आपल्याकडे असंख्य मुलं मराठी किंवा कोकणी शाळेतून चौथी करतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीतून गणित शिकू लागतात. आकडे तेच असतात, बेरीज-वजाबाकीही तीच, म्हणून मोठ्यांना वाटतं की गणिताला भाषा कुठे लागते. पण शाब्दिक उदाहरण म्हणजे आधी भाषाच. पेनाच्या उदाहरणातलं इंग्रजी वाक्य बहुधा असं असेल: ‘फाइव्ह लेस दॅन ट्वाइस द कॉस्ट ऑफ अ नोटबुक’. इंग्रजी वाक्य पाचापासून सुरू होतं. डावीकडून उजवीकडे जसं दिसेल तसं लिहीत गेलं की ५ − २व (व म्हणजे वहीची किंमत) असंच होणार. तुमच्या मुलीने वाचलेल्या क्रमाने प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

आता तेच मराठीत म्हणून बघा: ‘वहीच्या किमतीच्या दुपटीपेक्षा पाच कमी’. आधी वही, मग दुप्पट, मग पाच कमी. २ × व − ५. वाक्य ज्या क्रमाने तोंडातून येतं, त्याच क्रमाने राशी कागदावर उतरते. ‘सबट्रॅक्ट सेव्हन फ्रॉम वाय’ हेही तसंच. इंग्रजीत सात आधी ऐकू येतात. ‘वायमधून सात वजा कर’ म्हटलं की वाय − ७ आपोआप येतं. या एका बाबतीत आपल्या भाषेचा क्रम बीजगणिताला जास्त सोयीचा आहे. मुलाने मराठी शाळा सोडली म्हणून ती सोय त्याने का सोडावी? माझ्या वर्गात एक नियमच होता: उदाहरण इंग्रजीत वाचा, शेजाऱ्याला मराठीत किंवा कोकणीत सांगा, मग लिहा. सांगितल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. काही सहकाऱ्यांना हे पटत नसे. मुलं पुढे इंग्रजीतच परीक्षा देणार, त्यांना इंग्रजीतच विचार करू दे, असं त्यांचं म्हणणं. मला ते कधी पटलं नाही. समजलेली गोष्ट इंग्रजीत लिहिता येते, न समजलेली कुठल्याच भाषेत येत नाही.

मात्र मराठीतही नुसत्या क्रमावर विसंबू नये, कारण आपण बोलताना शब्द मागेपुढे करतो. ‘पाचने कमी आहे, वहीच्या दुपटीपेक्षा’ असंही कुणी म्हणेल. म्हणून मुलांना प्रत्यय बघायला शिकवावं. ज्याला ‘पेक्षा’ किंवा ‘मधून’ लागलंय ते वजा चिन्हाच्या आधी बसतं. ज्याला ‘ने’ लागलंय ते चिन्हाच्या नंतर. ‘क्ष ला ४ ने भाग’ म्हणा की ‘४ ने भाग क्ष ला’ म्हणा, भागला जातो क्ष आणि भागणारे ४. घरी कोकणी बोलत असाल तर ‘पेक्षा’च्या जागी ‘परस’ ऐका, काम तेच करतं. ‘चा-ची-चे’ आलं की बहुधा गुणाकार: वहीच्या किमतीची दुप्पट, पगाराचा चौथा हिस्सा. आणि सव्वापट, दीडपट, पाऊणपट, अडीचपट हे शब्द मुलांच्या कानावर मुद्दाम घाला. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या तोंडून ते गळून चालले आहेत. सव्वापट म्हणजे क्ष + क्ष/४ हे ज्याला ऐकताच दिसतं त्याला अपूर्णांकांचं अर्धं बीजगणित फुकट मिळतं.

एका शब्दप्रयोगापासून सावध राहा: ‘तिपटीने जास्त’. कुणी तो ‘तिप्पट’ या अर्थाने वापरतो, कुणी ‘मूळ अधिक तिप्पट’ या अर्थाने. उदाहरणात असं काही आलं तर मुलीने शिक्षिकेला सरळ विचारावं, अंदाज बांधू नये.

आता दुसरी गोष्ट, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. अक्षर म्हणजे काय? वर्गात ‘न म्हणजे काय?’ असं विचारलं की निम्मी मुलं सांगतात, न म्हणजे नारळ. इथेच पाया सरकतो. न म्हणजे नारळांची संख्या, किंवा एका नारळाची किंमत, किंवा नारळांचं वजन. पण काही झालं तरी न ही एक संख्या आहे, नारळ नव्हे. ‘३ × न’ वाचताना मुलाला डोळ्यांसमोर तीन नारळ दिसत असतील तर न = २० ठेवताना त्याला कळतच नाही की कशाच्या जागी काय ठेवायचं.

याची जुनी परीक्षा आहे. मुलाला सांगा: एका शाळेत दर शिक्षकामागे ३० मुलं आहेत. मुलांची संख्या म, शिक्षकांची संख्या श. समीकरण लिही. बरीच मुलं लिहितात ३० × म = श, कारण वाक्यात ‘तीस मुलं, एक शिक्षक’ असं चित्र आहे आणि म म्हणजे ‘मूल’ असं त्यांनी धरलंय. मग श = २ ठेवायला सांगा. दोन शिक्षक असतील तर मुलं ६० हवीत. त्यांच्या समीकरणात ३० × ६० आणि २ समान होतात का? तेव्हा डोळे उघडतात. बरोबर समीकरण म = ३० × श. अशाच धाटणीच्या प्रश्नात अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीही मोठ्या संख्येने हीच चूक केल्याचं तिथल्या अभ्यासकांनी दाखवून दिलंय. तेव्हा सातवीतल्या मुलीने केली तर तिच्या बुद्धीबद्दल शंका घेऊ नका.

आपल्या पूर्वजांनी या अज्ञात संख्येला दिलेलं नाव मला फार आवडतं. भास्कराचार्य, जन्म १११४ सालचा, अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणतात. जितकं असेल तितकं. लिहिताना त्याचं पहिलं अक्षर ‘या’, आणि सुट्या संख्येसाठी ‘रूप’ मधलं ‘रू’. आज आपण ५क्ष + ८ लिहितो तिथे ‘या ५ रू ८’. एकाहून जास्त अज्ञात असले की रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, तांबडा. वस्तूचं नाव कुठेच नाही. मी वर्गात पहिल्या दिवशी क्ष लिहून खाली ‘जितके असतील तितके’ असं लिहीत असे. ‘३ × जितके असतील तितके, वजा ५’ हे वाचताना मुलाच्या लक्षात येतं की इथे अजून न कळलेला आकडा बसायचा आहे, आणि कळला की तो तिथे ठेवायचा.

गोव्यात आजी-आजोबा असतील तर त्यांना भात मोजण्याबद्दल विचारा. वीस कुडवांची एक खंडी. ख खंडी आणि क कुडव भात असेल तर एकूण कुडव किती? २० × ख + क. तीन खंडी सात कुडव म्हणजे ६७ कुडव. इथे मुलाला एक सुंदर गोष्ट दिसते: ख आणि क दोन्ही भाताच्याच संख्या, पण मापं वेगळी, म्हणून त्यांची सरळ बेरीज करता येत नाही. आधी खंड्यांचे कुडव करावे लागतात. तास आणि मिनिटं, किलो आणि ग्रॅम, रुपये आणि पैसे, सगळीकडे हेच. वहीत पहिली ओळ नेहमी अशी असावी: ‘न = नारळांची संख्या’, ‘ट = मिनिटांत लागलेला वेळ’. ही ओळ न लिहिणाऱ्या मुलाला मी पुढे जाऊ देत नसे. गुण कापत नसे, फक्त पुढे जाऊ देत नसे.

आता पदेराकडे येऊ. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: हा पाववाला सकाळी सायकलचा भोंगा वाजवत येतो, टोपलीत पाव, उंडे, कोंड्याची पोळी, काकणं.) रोजचा खर्च ४ × ५ + २ × ७ = ३४ रुपये, हे मुलीने बरोबर काढलं. मग ३० दिवस, त्यातले ३ दिवस तो आला नाही. तिने ३४ × ३० − ३ लिहिलं. तिला विचारा, ‘हे शेवटचे ३ कसले?’ ती म्हणेल, दिवस. मग विचारा, ‘आणि १०२०?’ रुपये. रुपयांतून दिवस वजा कसे करायचे? बस्स, एवढंच विचारा. मी कधीच ‘इथे कंस विसरलीस’ असं म्हणत नाही, कारण मग मूल कंस टाकायला शिकतं, तो का लागतो ते शिकत नाही. रुपयांतून दिवस जात नाहीत हे दिसलं की दोनच वाटा उरतात, आणि मुलं दोन्ही शोधतात. एकीत आधी दिवसांतून दिवस वजा: ३४ × (३० − स). दुसरीत न आलेल्या दिवसांचे रुपये करून वजा: ३४ × ३० − ३४ × स. दोन्हीत स = ३ ठेवून तिला बघू दे. वितरणाचा गुणधर्म, म्हणजे कंसाबाहेरचा आकडा आतल्या प्रत्येकाला गुणतो हे, पुस्तकात सूत्र म्हणून येतं. इथे तो पदेराच्या हिशेबातून येतो.

कंस मराठीत ऐकूही येतो. ‘क्ष आणि ३ यांच्या बेरजेची दुप्पट’ आणि ‘क्ष ची दुप्पट अधिक ३’ ही दोन वाक्यं सावकाश म्हणा. पहिल्यात ‘यांच्या’ आलं, म्हणजे मागचं सगळं आधी एकत्र बांधलं, मग त्याला दुप्पट लागली: २ × (क्ष + ३). दुसऱ्यात बांधणी नाही: २ × क्ष + ३. क्ष = १० ठेवलं तर एक २६, दुसरं २३. ‘यांच्या’, ‘त्या सगळ्याच्या’, ‘उरलेल्याच्या’ हे शब्द म्हणजे बोलण्यातले कंस. ‘उरलेल्याच्या निम्मे’ दिसलं की पेन्सिल कंसाकडे वळायला हवी.

आकडेमोडीचा क्रम तुमच्या मुलीला येतो आहे, तरी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती घरोघरी चुकीची पाठ होते. आपल्या पिढीने ‘कंचेभागुबेव’ घोकलं: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. घोकंपट्टी म्हणून छान आहे, पण त्यातून मुलांना वाटतं की बेरीज वजाबाकीच्या आधी करायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला ५०० रुपये घेऊन गेलात, १२० खर्च झाले, वाटेत मैत्रिणीने उधारीचे ८० परत दिले. ५०० − १२० + ८०. ‘बे’ आधी धरून कुणी १२० + ८० केलं तर हाती ३०० उरले असं उत्तर येईल. पर्समध्ये तर ४६० आहेत. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर असतात, डावीकडून उजवीकडे जसजशा येतील तसतशा करायच्या. गुणाकार-भागाकाराचंही तेच, तिथे भागाकार आधी केला तर योगायोगाने उत्तर बिघडत नाही, म्हणून ती चूक कधी उघडी पडत नाही. बेरीज-वजाबाकीत मात्र पैसे जातात.

दुकानातला साधा कॅल्क्युलेटरही इथे फसवतो. २ + ३ × ४ दाबा, तो बहुधा २० दाखवेल, कारण तो एकेक क्रिया दाबल्याबरोबर उरकत जातो. मोबाइलमध्ये तेच १४ येतं. १४ बरोबर. मुलीला दोन्ही शेजारी ठेवून करून दाखवा, ती विसरणार नाही.

किंमत ठेवतानाच्या हाताच्या चुका मी भराभर सांगते, कारण तिथे तुमची मुलगी ठीक आहे. ३क मध्ये क = ४ ठेवताना काही मुलं ३४ लिहितात, कारण मधला गुणाकार दिसत नाही. ठेवलेली प्रत्येक किंमत कंसात लिहायची सवय लावली की हे मिटतं: ३(४). ऋण संख्येला तर कंस हवाच. क = −३ असेल तर क² म्हणजे (−३)² = ९, पण −क² म्हणजे −९. आणि २क² मध्ये वर्ग फक्त क चा आहे; क = ३ ला १८, ३६ नव्हे. थर्मामीटर सेल्सियसचा असेल आणि आजी फॅरनहाइटमध्ये विचारत असेल तर ९ × से ÷ ५ + ३२ ही राशी घरात उपयोगी पडते. ३७ चे ९८.६, ३९ चे १०२.२. आठवड्यातून एकदा हिच्यात किंमत ठेवायला सांगा, गुणाकार, भागाकार, बेरीज आणि दशांश सगळं एकदम तपासून होतं.

ज्या जागी पुस्तकं फारशी थांबत नाहीत तिथे मी थोडी थांबणार आहे: राशी कुठल्या किमतींना लागू आहे? गोव्यात मोटरसायकलवरून भाड्याने नेणाऱ्याला आपण पायलट म्हणतो. समजा त्याचा दर असा ठरला: पहिल्या २ किलोमीटरला ३० रुपये, पुढे दर किलोमीटरला १२. क किलोमीटरला भाडं किती? मुलं लिहितात ३० + १२ × क. मी क = २ ठेवायला सांगते. येतात ५४. पण २ किलोमीटरला तर ३० च द्यायचे आहेत! मग कुणीतरी म्हणतं, पहिले दोन किलोमीटर दोनदा मोजले गेले. बरोबर: ३० + १२ × (क − २). पणजी ते म्हापसा सुमारे १३ किलोमीटर, म्हणजे ३० + १२ × ११ = १६२ रुपये. मग मी हळूच क = १ ठेवायला सांगते. येतात १८. एका किलोमीटरला १८ रुपये घेऊन पायलट जाईल का? नाही, ३० च घेईल. म्हणजे ही राशी क किमान २ असतानाच खरी. दोनपेक्षा कमी असेल तिथे राशी नाहीच, सरळ ३० रुपये. एकदा एका मुलाने वर्गात विचारलं होतं, ‘टीचर, मग क = ० ठेवलं तर?’ राशी म्हणते ६ रुपये, न जाता. तो प्रश्न मला त्या वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला.

ही छोटी किंमत ठेवून बघण्याची युक्ती तुमच्या मुलीला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. राशी तयार झाली की उदाहरणातली मोठी किंमत ठेवण्याआधी ० किंवा १ ठेवायचा, म्हणजे ज्याचं उत्तर तोंडी माहीत आहे अशी किंमत. पदेर एकही दिवस चुकला नाही, स = ०: बिल १०२० यायला हवं. तिच्या राशीतही येतं, म्हणून तेवढ्याने चूक पकडली जात नाही. आता पदेर महिनाभर आलाच नाही, स = ३०: बिल ० यायला हवं. तिच्या राशीत ९९० येतात. पकडली! एका टोकाची किंमत पुरत नाही. दोन्ही टोकं बघायची.

ऋण उत्तराबद्दल थोडं. पेनाची किंमत −५५ आली तेव्हा ती थबकली नाही, याची मला त्या चुकीपेक्षा जास्त काळजी वाटते. पण ‘ऋण आलं म्हणजे चुकलं’ असंही शिकवू नका. तुमच्याकडे माड असतील तर हे उदाहरण घ्या. पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) झाडामागे १०० रुपये घेतो आणि नारळ २५ ला जातो असं धरू. न नारळ, झ झाडं: हाती उरतात २५ × न − १०० × झ. १५ झाडांवर ९० नारळ मिळाले तर २२५० − १५०० = ७५० रुपये. माकडांनी कोवळेच पाडून टाकले आणि ४८ च मिळाले तर १२०० − १५०० = −३००. इथे −३०० ला अर्थ आहे: खिशातले ३०० गेले. बागायतदाराला हे ऋण उत्तर चांगलंच ओळखीचं आहे. पेनाच्या किमतीत ऋणाला अर्थ नाही, नारळांच्या हिशेबात आहे, आणि दोन्हीतला फरक गोष्ट सांगते, आकडा सांगत नाही. म्हणून आकडेमोड करण्याआधी ‘उत्तर साधारण किती येईल?’ हे विचारायचं. वही ३० ची, दुप्पट ६०, त्याहून थोडं कमी. मग −५५ लिहितानाच हात अडेल.

एक खेळ सांगते, तो मी पंचवीसेक वर्गांत खेळले असेन. अंगणातलं तुळशी वृंदावन चौकोनी आहे, त्याची बाजू ब लाद्यांएवढी. त्याभोवती लाद्यांची एक रांग बसवायची आहे, कोपऱ्यांसकट. किती लाद्या लागतील? चित्र काढू द्या आणि मध्ये बोलू नका. कुणी म्हणतं चार बाजूंना ब, ब, ब, ब आणि चार कोपरे: ४ × ब + ४. कुणी प्रत्येक बाजूबरोबर एकच कोपरा मोजतं: ४ × (ब + १). कुणी वरची आणि खालची रांग पूर्ण धरतं: २ × (ब + २) + २ × ब. एखादं मूल मोठ्या चौकोनातून लहान चौकोन कापतं: (ब + २)² − ब². चार मुलं, चार राशी, आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच बरोबर. मग ब = ५ ठेवा. २४, २४, २४, ४९ − २५ = २४. ब = १० ठेवा. चारही ठिकाणी ४४. वर्गात शांतता पसरते. दोन किमतींनी सिद्धता होत नाही, ती पुढे कंस सोडवून करायची. पण ‘या राशी दिसायला वेगळ्या, आतून एकच’ हे मुलाला पहिल्यांदा किंमत ठेवूनच जाणवतं. सातवीत मला एवढं पुरेसं वाटतं.

घरी काय कराल? रोज दहा मिनिटं, वही न उघडता. एक दिवस तुम्ही गोष्ट सांगा, ती राशी सांगेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही राशी द्या, ती गोष्ट रचेल. दुसरं जास्त कठीण आणि जास्त उपयोगी. ‘२०० − ३ × ट’ ला गोष्ट सांग म्हटलं तर सुरुवातीला ‘एका माणसाकडे २०० रुपये होते, त्याने ३ टोमॅटो घेतले’ एवढंच येईल. मग विचारा, ‘ट म्हणजे टोमॅटो की टोमॅटोची किंमत?’ महिन्यातून एकदा वीजबिल तिच्यासमोर ठेवा. पहिल्या टप्प्याला एक दर, पुढच्या युनिटना वेगळा, वर स्थिर आकार. बिलाची ही राशी म्हणजे पायलटच्या भाड्याचीच थोरली बहीण. मुलीने स्वतः राशी मांडून छापील रकमेशी जुळवायची. पहिल्यांदा जुळणार नाही, काहीतरी आकार सुटलेला असेल. तो शोधायला तिला वेळ द्या.

पेन ५५ रुपयांचं आणि पदेराचं बिल ९१८ रुपये. हे आकडे मात्र तिला तुम्ही सांगू नका. महिनाअखेरीस पदेर आला की हिशेब करून पैसे द्यायला तिलाच दारात पाठवा.